रेवा कुठे काय लपवते

शुक्रवार, रात्र

आज रेवाने दोन ठिकाणी लिहिलं. संध्याकाळी इन्स्टाग्रामवर टेबलाचा फोटो टाकला: बंद लॅपटॉप, शेजारी उघडं पुस्तक, खाली एवढंच, 'आता थोडं स्वतःसाठी.' रात्री उशिरा ब्लॉगवर तिने सांगून टाकलं की नोकरी गेली आहे आणि घरी कुणाला सांगायची हिंमत होत नाही. फोटो आणि कबुली एकाच दिवसातली. लॅपटॉप का बंद आहे, हे दोन्हीकडे जाणाऱ्या वाचकालाच कळतं.

रेवा माझ्या डोक्यातली मुलगी आहे. तिच्या नावाने इन्स्टाग्राम, फेसबुक आणि ब्लॉग चालवून मी तिची गोष्ट सांगते. तिची गोष्ट मी सरळ कथा म्हणून लिहिली असती, तर 'तिने घरच्यांपासून लपवलं' असं वाक्य मला लिहावं लागलं असतं. इथे ते लिहावं लागत नाही. लपवणं वाचकाच्या डोळ्यांसमोर घडतं. मला या प्रकाराचं सगळ्यात मोठं बळ इथेच दिसतं. अनेक जागा वापरायच्या त्या जास्त लोकांपर्यंत पोचायला, असं बरेच जण धरून चालतात. मला तसं वाटत नाही. तोच मजकूर चार ठिकाणी चिकटवला तर ती जाहिरात होते. माणूस मित्रांशी एक बोलतो, नातेवाइकांशी दुसरं आणि अनोळखी लोकांशी भलतंच खरं बोलून जातो. पात्रालाही तेवढी मोकळीक हवी.

म्हणून तिची कुठली पोस्ट कधी टाकायची याच्या माझ्या तक्त्यात तारीख आणि वेळेच्या पुढे आणखी दोन रकाने आहेत: 'इथे तिला कोण बघतंय' आणि 'त्यांच्यापासून काय दडवायचंय'. हे दोन भरले की मजकूर जवळजवळ आपोआप सुचतो. रेवाच्या फेसबुकवर आत्या आहे, त्यामुळे तिथे शुभेच्छा, जुने फोटो आणि सगळं छान. (फेसबुकवर वैयक्तिक खातं खऱ्या माणसाचंच असावं असा नियम आहे, म्हणून पात्रासाठी पेज काढावं लागतं. सुरुवातीलाच हे पाहून घेतलेलं बरं.) इन्स्टाग्रामवर जुने सहकारी आहेत, तिथे ती ताठ मानेने वावरते. ब्लॉग कुणी ओळखीचं वाचत नाही, अशी तिची समजूत.

इन्स्टाग्रामवरच्या 'स्टोरी'चं गणित वेगळं. ती चोवीस तासांनी नाहीशी होते, म्हणून कथेला वळण देणारी कुठलीच गोष्ट मी तिथे ठेवत नाही. तिथे फक्त तिची मनःस्थिती. ज्याने पाहिली त्याला रेवा जरा जास्त कळली, ज्याची हुकली त्याचं काही अडलं नाही. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवणं सोडलं, त्यामुळे आधीचं नंतर आणि नंतरचं आधी दिसू शकतं. तिथली प्रत्येक पोस्ट एकटी वाचली तरी कळायला हवी. क्रम हवा असेल तर तो ब्लॉगवर.

वेळेबद्दल मी फार हट्टी आहे. रेवा रात्री अडीचला जागी असेल तर पोस्ट अडीचलाच गेली पाहिजे. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २०१५ ते २०१७ या काळात 'स्काम' ही मालिका अशीच दाखवली. प्रसंग ज्या वाराला, ज्या वेळी घडतो त्याच वेळी त्याची चित्रफीत संकेतस्थळावर यायची, मधल्या वेळात पात्रांचे मेसेज आणि इन्स्टाग्राम चालू असायचं आणि शुक्रवारी पूर्ण भाग. मला त्यात सगळ्यात जास्त भावते ती मधली शांतता. पात्राने दोन दिवस काही टाकलं नाही की बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. पुस्तकात दोन दिवस म्हणजे एक कोरी ओळ. इथे ते दोन दिवस वाचकालाही काढावे लागतात. जुन्या पुस्तकालाही अशी वाट पाहायला लावता येते. '​ड्रॅक्युला' १८९७ सालची कादंबरी, पण ती आहेच मुळी रोजनिशा, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जोडून केलेली. २०२१ पासून कुणीतरी तिच्यातला मजकूर ज्या त्या तारखेला ईमेलने पाठवू लागलं, ३ मेपासून, आणि लोक पत्राची वाट पाहावी तसे पुढच्या नोंदीची वाट पाहू लागले.

याच बळामुळे एका बाबतीत मी तडजोड करत नाही. रेवाच्या प्रत्येक खात्यावर, परिचयाच्या पहिल्याच ओळीत, 'काल्पनिक पात्र' असं लिहिलेलं आहे. २००६ मध्ये यूट्यूबवर ब्री नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीची व्हिडिओ डायरी लोक खरी समजून बघत होते. सप्टेंबरमध्ये उघड झालं की ती अभिनेत्री आहे आणि सगळं लिहून घेतलेलं आहे. पुष्कळ जण दुखावले, तरी मालिका पुढे २००८ पर्यंत चालली. तिथे निदान कुणाचा जीव टांगणीला लागला नव्हता. २०११ मध्ये सीरियातल्या दमास्कस शहरातल्या एका तरुणीचा ब्लॉग गाजला. तिला पकडून नेल्याची बातमी ब्लॉगवर आली आणि जगभरचे लोक तिच्या सुटकेसाठी झटू लागले. लिहिणारा निघाला स्कॉटलंडमध्ये शिकणारा एक अमेरिकन पुरुष. सीरियात तेव्हा खऱ्याच माणसांना उचलून नेलं जात होतं, त्यांच्या वाट्याची काळजी या खोट्या नावावर खर्च झाली. याला मी कथा म्हणणार नाही.

आणि पाटी लावल्याने गोडी जाते हेही खरं नाही. नोकरीच्या पोस्टखाली एकीने लिहिलंय, 'रेवा, आईला सांग गं, ती रागावणार नाही.' रेवा काल्पनिक आहे हे तिला माहीत आहे. तरी तिने सांगितलं. मी रेवा म्हणूनच उत्तर दिलं, 'सांगते. थोडे दिवस दे.' पण कुणी स्वतःची नोकरी गेल्याचं, झोप उडाल्याचं लिहिलं, तर त्याला रेवाने उत्तर द्यायचं नाही. तिथे मी माझ्या नावाने बोलते. खऱ्या दुःखाला पात्राच्या तोंडून धीर देणं मला बरोबर वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात आत्याला ब्लॉग सापडणार आहे. ब्लॉग आत्या वाचते हे रेवाला कळल्यावर तिथला तिचा आवाज बदलेल, वाक्यं सावध होतील, आणि मग खरं बोलायला तिला दुसरी जागा शोधावी लागेल. माझ्या मनात आहे की ती इन्स्टाग्रामवरच, जुन्या सहकाऱ्यांसमोर, पहिल्यांदा सगळं सांगून टाकेल. त्यासाठी आत्याचा शोध मंगळवारी लागायला हवा, म्हणजे शनिवारपर्यंतची तिची गप्प राहण्याची वेळ पुरेल. उद्या तक्त्यातले ते दिवस हलवते.