शेल्सली वॉल्श: अर्ध्या मिनिटाचा घाट

खंबाटकी नि वरंधा पाहिलेल्या माणसाला शेल्सली वॉल्शचा चढ दाखवला तर तो एवढंच विचारील: संपला? रस्ता जेमतेम 914 मीटर, चढण शंभर मीटर, बाजूला शेतं आणि झाडी. इंग्लंडात वुस्टरशरमधल्या या चढावर 1905 पासून गाड्या एकेक करून, घड्याळाशी शर्यत लावत पळतायत. 1930 मध्ये हान्स स्टुकनं ऑस्ट्रो-डाइमलरमधून 42.8 सेकंदांत विक्रम केला होता. आजच्या सगळ्यात वेगवान गाड्यांना 23 सेकंदही लागत नाहीत.

म्हणजे बघायला काय उरलं? मीही ऑफिसातल्या मित्राला हेच विचारलं होतं. तो स्वतः तिथे माझदा एमएक्स-5 पळवतो, तीच गाडी सोमवारी ऑफिसला आणतो. म्हणाला, "सकाळी लवकर ये आणि आधी पॅडॉकमध्ये फिर."

पॅडॉक म्हणजे धावेआधी गाड्या उभ्या असतात ती जागा. खरंच, निम्मी मजा तिथेच. तिकीट काढून आत गेलं की कुठल्याही गाडीशेजारी उभं राहा, कुणी हटकत नाही. एका मिनीजवळ बाप-लेक टायरची हवा तपासत होते. एकच गाडी, दोघंही स्पर्धक. बाप चढून आला की गाडीवर लेकीचा नंबर लावायचा, सीट पुढे ओढायची, की ती निघाली. मला वाटलं खर्च वाचवायला करत असतील. "तेही आहेच," बाप म्हणाला, "पण हिला हरवायला दुसरी गाडी घेतली तर हरल्यावर गाडीला दोष देईल ना!" अशा जोड्या तिथे बऱ्याच असतात.

सुरुवातीची रेषाच चढावर आहे. गाडी मागे घसरू नये म्हणून मार्शल चाकामागे ठोकळा लावतो. हिरवा दिवा लागला तरी लगेच सुटायची सक्ती नाही. गाडीच्या नाकावरच्या उभ्या पट्टीनं प्रकाशाचा किरण तोडला की मगच घड्याळ सुरू होतं, त्यामुळे दिवा लागल्यावरही काही जण क्षणभर शांत बसतात. ते क्षण मला धावेपेक्षा जास्त आवडले.

उभं राहायचं तर 'एसेस'च्या काठावर, म्हणजे वरच्या जोडवळणाशी. इंजिनाचा आवाज झाडीतून आधी येतो, मग गाडी येते, ब्रेक, डावीकडे, उजवीकडे, गेली. लाउडस्पीकरवर सेकंद शतांशासकट सांगतात. सकाळी सराव, दुपारी मोजलेल्या धावा. मधूनच सर उतरली की सगळ्यांची वेळ सेकंदांनी वाढते आणि चहाच्या रांगेतही तोच विषय.

जाणार असाल तर चिखलाला चालतील असे बूट घाला. पोरं सोबत असतील तर कानांसाठी बोळे हवेतच, मोठ्या रेसिंग गाड्या फार कर्कश ओरडतात. धावांच्या मधे वेळही बराच जातो, कारण वर गेलेल्या गाड्या घोळक्यानं त्याच रस्त्यानं खाली येतात. डबा न्या.

मित्र आता लिचफिल्डजवळच्या कर्बरोला चल म्हणतोय. तिथली स्प्रिंट, म्हणजे अशीच घड्याळाशी शर्यत, पण सपाटीवर, चढ नाही. मिनीवालेही येणार आहेत म्हणे. लेक पुढे आहे, 0.31 सेकंदांनी.