अकोले तालुक्यात तीन दिवस: बियाणं, गिरणी आणि अनुदानाचा अर्ज

गेल्या नोव्हेंबरात आम्ही तिघं अकोले तालुक्यात जाऊन आलो. आमची संस्था लहान आहे. वेल्ह्याकडच्या डोंगरी गावांत बचतगटांसोबत गावठी भात आणि नाचणीवर काम करते. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) विभागाने आमच्याकडे प्रस्ताव मागितला होता आणि तो जवळजवळ लिहून झाला होता: बीजबँकेची खोली, लोखंडी रॅक, डबे, फलक, प्रशिक्षणाचे चार कार्यक्रम. पाठवायच्या आदल्या आठवड्यात आमचे हिशेब पाहणारे काका म्हणाले, "हे काम जिथे वर्षानुवर्षं चाललंय ते एकदा डोळ्यांनी बघू, मग सही करतो." म्हणून निघालो. परत आल्यावर त्या प्रस्तावाची दहा पानं बाजूला ठेवून नवा लिहिला. आमच्यासारख्याच कुणाला याच वाटेने जायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जाण्याचं. तिकीट काढताना "नगरचं अकोले" असं स्पष्ट सांगा, विदर्भातल्या अकोल्याशी गल्लत होते. पुण्याहून वाकडेवाडीच्या स्थानकावरून नाशिकची एसटी धरून संगमनेरला उतरायचं, तिथून अकोल्याची गाडी मिळते. मुंबईकडून येणाऱ्यांना कसारा घाट चढून घोटीला वळलं की बारी, भंडारदरा, राजूर असा रस्ता आहे. वाटेत कळसूबाईचं, १६४६ मीटरचं, शिखर डोक्यावर दिसत राहतं. अकोल्याच्या पुढे मात्र एसटीच्या भरवशावर दिवस आखू नका. जीप ठरवून घ्या, आणि रोख पैसे अकोल्यातच काढून ठेवा.

कधी जायचं हे जास्त महत्त्वाचं. मेअखेर ते जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला लोटणाऱ्या गर्दीत गावातल्या कुणालाच तुमच्याशी बोलायला वेळ नसतो, राहायचे दरही चढलेले असतात. जुलैत लावणीची घाई. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हे दिवस उत्तम. हळवा, म्हणजे लवकर येणारा, भात कापून झालेला असतो, उशिरा येणारा गरवा उभा असतो, नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं खुडायला आलेली असतात. पुढच्या वर्षीचं बियाणं निवडायचं काम याच दिवसांत चालतं, आणि बियाण्याचं काम बघायचं तर तेच बघायला हवं. थंडी कडक असते, घोंगडी-शाल बरोबर ठेवा.

पहिल्या दिवशी कोंभाळण्याला गेलो. राहीबाई पोपेरे यांचं हे गाव. २०१८मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि "बीजमाता" हे नाव महाराष्ट्रभर झालं. त्यांच्या कामाला बाएफ या संस्थेची साथ आहे. मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेली ही संस्था. जायच्या आधी बाएफच्या कार्यालयाशी बोलून वेळ ठरवणं हा साधा शिष्टाचार आहे. पद्मश्रीनंतर इथे येणाऱ्यांची रीघ लागलेली असते आणि घरच्यांना शेतीही बघायची असते. आम्ही बियाणं पाहिलं आणि बराच वेळ परिसरातल्या शेतांवर घालवला.

मडक्यांत राखेत घोळवलेले वालाचे दाणे, कडुनिंबाचा पाला, वर शेणमातीने लिंपलेलं तोंड, हे सगळं फोटोंत पाहिलेलं होतं. फोटोत येत नाही ती गोष्ट पुढची. मडकं ही बँक नव्हे. बियाण्याची उगवणशक्ती घटत जाते, म्हणून प्रत्येक वाण ठरावीक काळाने पुन्हा पेरावं लागतं, वेगळ्या तुकड्यात, दुसऱ्या वाणाची भेसळ होऊ न देता, आणि शेताच्या कडेची नव्हे तर मधली, निरोगी, भरलेली कणसं निवडून. बियाणं नेणाऱ्याने हंगामानंतर दुप्पट परत करायचं, ही इथली रीत. त्यामुळे साठा वाढतो, पण त्याहून मोठा फायदा असा, की वाण एकाच घरात न राहता वीस घरांच्या बांधांत राहतं. एका घरी उंदीर लागले किंवा पाऊस बुडाला तरी दुसरीकडे ते जिवंत असतं.

आमच्या प्रस्तावात निम्म्याहून जास्त पैसा खोलीच्या बांधकामाचा होता. पुन्हा पेरणीसाठी एक रुपयाही नव्हता.

दुसरा दिवस एका वाडीत गेला. वाडीचं नाव देत नाही, कारण ज्यांनी मोकळेपणाने सांगितलं त्यांच्यावर उगाच काही येऊ नये. सकाळी नागलीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वालाची उसळ. भात आला तो काळभात. तूस काळं, आत दाणा पांढरा, आणि शिजताना वास शेजारच्या घरापर्यंत. मी विचारलं, "मावशी, हा बाजारात का दिसत नाही?"

मावशी म्हणाल्या, "बाई, काळभात गिरणीत टाकला की तो काळभात राहत नाही."

त्यांनी सांगितलेलं इथे सविस्तर लिहिते, कारण या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती. एका घरात काळभात किंवा जीरवेल पिकतो तो दोन पोती, फार तर तीन. भरडायला न्यायचा तर हलर, म्हणजे भाताची टरफलं काढायचं यंत्र, लांब. गिरणीवाल्याला दोन पोत्यांसाठी हलर रिकामा करून चालवणं परवडत नाही, म्हणून आधीच्या इंद्रायणीच्या पाठोपाठ तो ओतला जातो. तांदूळ हातात येतो तो मिसळलेला, जास्त पॉलिश झालेला, आणि कणी भरपूर. असा तांदूळ व्यापारी सुवासिक म्हणून कशाला घेईल? सरसकट भावात जातो. मग पुढच्या वर्षी घरातला तरुण मुलगा म्हणतो, इंद्रायणीच लावू, उतारा तरी जास्त आहे. त्याचं काही चुकत नाही. वरईचं तर याहून अवघड. ती सडायला उखळ-मुसळ आणि बायकांचे खांदे, म्हणून ती आता उपासाला पुरेल एवढीच राहिली आहे.

म्हणजे वाण टिकतं की जातं हे बीजबँकेच्या खोलीत ठरत नाही, भरडण्याच्या ओट्यावर ठरतं. पेरणारा, निवडणारा, भरडणारा, विकणारा आणि खाणारा ही सगळी एकच साखळी आहे. अनुदान मागताना आम्ही तिच्या पहिल्याच कडीला सोन्याचा मुलामा द्यायला निघालो होतो.

त्याच दुपारी जवळच्या दुसऱ्या वाडीत ताडपत्रीखाली झाकलेलं यंत्र दाखवलं. नागली-वरई साफ करायचं, कुठल्याशा अनुदानातून आलेलं, तीन वर्षांपूर्वीचं. चाललं ते एक हंगाम. यंत्राला थ्री फेज वीज लागते, वाडीत सिंगल फेज. कुणीतरी डिझेल इंजिन जोडून दिलं, मग पट्टा तुटला. नवा पट्टा आणायला नाशिकला कोण जाणार, आणि पैसे कुणाच्या खात्यातून, हे कागदावर कुठेच नव्हतं. फलकावरचं उद्घाटनाचं नाव मात्र अजून ठळक आहे. मला तिथे फार वाईट वाटलं, कारण आमचाही प्रस्ताव अगदी असाच होता. म्हणून सांगते, यंत्र मागणार असाल तर आधी मीटरवर कुठली लाइन आहे ते स्वतः बघा, जवळचा दुरुस्तीवाला कोण ते विचारा, चालवणाऱ्याचा पगार आणि तीन वर्षांची देखभाल अंदाजपत्रकात घाला, आणि भरडाईचा दर गटाच्या बैठकीत ठरवून तो ठराव अर्जाला जोडा.

संध्याकाळी काकांनी जे केलं त्यामुळे हिशेबनीसाला बरोबर नेण्याचा आग्रह मी सगळ्यांनाच करीन. त्यांनी गटातल्या बायकांना विचारलं, दोन गुंठ्यांत एक वाण बियाण्यासाठी वाढवायचं तर पेरल्यापासून डब्यात भरेपर्यंत किती दिवस जातात? कुणालाच एकदम सांगता येईना. मग वालाचे दाणे मांडले, एका दिवसाला एक दाणा: राब भाजणे (रोपांसाठी जमीन भाजणे), पेरणी, लावणी, निंदणी, भेसळीची रोपं उपटणे, राखण, निवड, वाळवण. सव्वीस दाणे झाले. ही मजुरी आजवर कुठल्याच कागदावर आलेली नव्हती. आमच्या नव्या अर्जात ती पहिल्या ओळीत आहे.

आता पैशांबद्दल, जे आम्हाला उशिरा कळलं ते.

सीएसआरवाले बहुतेक वेळा सांगतात की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालणार नाही, आणि लहान संस्था माणसांचे पगार कापून टाकतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. राबवणाऱ्या संस्थेचा प्रकल्पावरचा खर्च तिच्यात येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१च्या ऑगस्टमधल्या खुलाशात सांगितलेलं आहे. ते पान छापून बैठकीला न्या, नम्रपणे पुढे ठेवा. आम्ही तसं केलं आणि क्षेत्र कार्यकर्तीचा पगार मंजूर झाला. दुसरं, कायद्यात "चालू प्रकल्प" म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंतची तरतूद आहे. बियाण्याच्या कामाला एक वर्ष म्हणजे एकच खरीप, त्यात काही सिद्ध होत नाही. किमान तीन हंगाम मागा.

कागद आधीच तयार हवेत: आयकराच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या, सरकारच्या दर्पण या संकेतस्थळावरची संस्थेची नोंदणी, आणि १ एप्रिल २०२१पासून लागू झालेला सीएसआर-१ अर्ज (सीएसआरचा निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे संस्थेची नोंद करणारा). स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, त्यामुळे नुकत्याच नोंदलेल्या गटाला थेट दार उघडत नाही. जुन्या संस्थेच्या नावाने अर्ज करावा लागतो आणि मग गटाशी लेखी करार हवाच, नाहीतर पुढे यंत्र कुणाचं यावरून मनं दुखावतात.

परदेशी निधीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी २०२०ची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) दुरुस्ती नीट वाचावी. त्यानंतर आलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली आहे. पूर्वी शहरातली मोठी संस्था पैसे आणून वाड्यांवरच्या पाच लहान संस्थांना वाटायची, तो रस्ता बंद झाला. आमच्यासारख्यांना त्याची झळ लागली आहे.

शेतकरी उत्पादक कंपनीचा सल्ला तुम्हालाही मिळेल, आम्हाला चार जणांनी दिला. केंद्राच्या २०२०च्या दहा हजार एफपीओंच्या (शेतकरी उत्पादक संघटनांच्या) योजनेत डोंगरी भागासाठी किमान १०० सभासदांची अट होती, मैदानी भागात ३००. पण ती कंपनी सभासदांच्या फायद्यासाठी असते, धर्मादाय संस्था नव्हे. अनुदान मिळतं म्हणून ती काढू नका. विकायला दरवर्षी पुरेसा माल आहे असं दिसल्यावर काढा.

दोन जवळचे रस्ते आमच्या ध्यानातच नव्हते. अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या ग्रामपंचायतींना थेट येतो आणि त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते. भरडणीची सोय त्यात बसवता येईल का, हे ग्रामसभेत मांडण्यासारखं आहे. आमची गावं त्या क्षेत्रात नाहीत, पण तुमची असतील तर आधी तिथे जा. दुसरं, पीकवाण संरक्षण प्राधिकरणाचा "प्लांट जिनोम सेव्हियर" समुदाय पुरस्कार १० लाख रुपयांचा आहे आणि तो वाण जपणाऱ्या शेतकरी समुदायाला मिळतो. त्यासाठी पुरावा लागतो: कुठलं वाण, कुणाच्या शेतात, कधीपासून. गावाच्या जैवविविधता समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत आपली वाणं स्थानिक नावांसकट लिहून घ्या. नोंदवही नुसतीच कपाटात असेल तर ती बाहेर काढायला लावा.

शेवटी गावात वागण्याचं. जेवणाखाणाचे आणि दिवसाचे पैसे द्या. ज्या बाईचा दिवस तुमच्या प्रश्नांत गेला तिची मजुरी बुडालेली असते. बियाणं मागू नका, दिलं तर अट विचारा. फोटोआधी परवानगी घ्या आणि फोटो छापून पाठवा. मी परतल्यावर पाठवले, तेव्हा कळलं की याआधी आलेल्यांपैकी कुणीच पाठवले नव्हते.

निघताना मावशींनी जीरवेलचं एक मापटं पदरातून मोजून दिलं. म्हणाल्या, तुमच्याकडचा पाऊस वेगळा, पहिल्या वर्षी अर्धाच गुंठा लावा, जमलं नाही तर तसं कळवा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून बघितले, एक्क्याण्णव उगवले. जूनमध्ये राब टाकायचा आहे, आणि दिवाळीनंतर दोन मापटी घेऊन पुन्हा तिकडे जायचं आहे.