आईची औषधं, मेडिकेअर आणि मेडिकेड : माझा अनुभव

माझी आई न्यू जर्सीत माझ्याकडे राहते. एडिसनच्या एका किराणा दुकानात तिने दहा वर्षांहून जास्त काळ काम केलं. दर पगारातून मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्र सरकारी आरोग्यविम्याचा, कर कापला गेला, म्हणून ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर मेडिकेअर तिला हक्काने मिळालं. उत्पन्न कमी असल्याने मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा विमा, आधीपासून होताच. दोन-दोन सरकारी विमे, आता औषधांची काळजी मिटली असं घरात सगळ्यांना वाटलं. आणि मेडिकेअर सुरू झालं त्याच महिन्यात औषधांचं गाडं अडलं.

आईला मधुमेह, रक्तदाब आणि दमा. नेहमीच्या फार्मसीत रिफिल घ्यायला गेलो, तर मेडिकेडचं कार्ड चालेना. "यांना आता मेडिकेअर आहे, मेडिकेड पैसे देत नाही." मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड पुढे केलं, तर त्यावरही या औषधांचं बिल जाईना, कारण ते कार्ड पार्ट ए आणि पार्ट बीचं, म्हणजे हॉस्पिटल आणि डॉक्टरांचं. मग काउंटरवरच्या मुलीने सगळ्याची पूर्ण किंमत सांगितली. इन्हेलरचा आकडा ऐकून आई म्हणाली, "राहू दे गं, थोडे दिवस नाही घेतलं तर काय होतंय!" रात्री तिला धाप लागते तेव्हा उशाशी मी बसलेली असते. ते वाक्य ऐकून पोटात गोळा आला.

झालं होतं ते असं. १ जानेवारी २००६ पासून मेडिकेअरमध्ये पार्ट डी, म्हणजे औषधांचा भाग, सुरू झाला. तेव्हापासून ज्यांच्याकडे दोन्ही विमे आहेत, त्यांची रोजची औषधं मेडिकेडकडून काढून पार्ट डीकडे दिली गेली. पार्ट डी चालवतात खाजगी कंपन्या. आपण योजना निवडली नाही, तर सरकार आपल्याला एखाद्या योजनेत स्वतःहून घालतं. नियमाप्रमाणे यात खंड पडायला नको. पण राज्याच्या आणि केंद्राच्या नोंदी जुळायला वेळ लागला, की माणूस मधल्या मधे अडकतो. आईचं तेच झालं होतं.

वाट सापडली ती दुसऱ्या एका फार्मसीत. तिथल्या वयस्कर फार्मसिस्टने आधी संगणकावर आईच्या नावावर पार्ट डीची कुठली योजना दिसते का ते पाहिलं. दिसेना. मग त्याने मेडिकेडचं कार्ड मागितलं आणि म्हणाला, "लिनेटवर टाकतो." कमी उत्पन्नाच्या ज्या लोकांना अजून योजना मिळालेली नाही, त्यांच्यासाठी हा तात्पुरत्या औषध-विम्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तो ह्युमाना ही विमा कंपनी चालवते, आणि २०२४ पासून तो कायमस्वरूपी झाला आहे. बिल लगेच गेलं. आईची पिशवी तिच्या हातात पडली आणि तिने तिथल्या तिथे इन्हेलर काढून पर्समध्ये ठेवला. पहिल्या फार्मसीतही हे करता आलं असतं, फक्त तिथे कुणाला ते माहीत नव्हतं. म्हणून माझ्या ओळखीत ज्यांचे आई-वडील ६५ला टेकलेत, त्या सगळ्यांना मी हेच सांगते: काउंटरवरून रिकाम्या हाताने परतू नका, "लिनेटला बिल करता येईल का?" हे विचारा. पैसे भरावेच लागले तर पावती जपून ठेवा, ते परत मागता येतात.

काही दिवसांनी पत्रं आली. जांभळ्या कागदावरचं पत्र सांगतं, की तुम्हाला 'एक्स्ट्रा हेल्प' (औषधांचा खर्च कमी करणारी सरकारी मदत) आपोआप लागू आहे, वेगळा अर्ज नको. पिवळ्या कागदावरचं सांगतं, की तुम्हाला अमुक योजनेत घातलं आहे. ही पत्रं जाहिरातींच्या ढिगात हरवतात, आणि मेडिकेअरच्या वयात त्या जाहिरातींना अंत नसतो. आमच्या घरी आता जांभळं पत्र प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं असतं, कारण ते पुढे उपयोगी पडलं. नव्या योजनेने पहिल्याच महिन्यात आईकडून भलताच जास्त कोपे, म्हणजे औषधामागे आपण भरायचा वाटा, मागितला. त्यांच्या नोंदीत एक्स्ट्रा हेल्प दिसत नव्हतं. २०२५ साली गरिबीरेषेच्या आत असलेल्या आणि पूर्ण मेडिकेड मिळणाऱ्या माणसाला जेनेरिकला १.६० डॉलर आणि ब्रँडच्या औषधाला ४.८० डॉलर एवढाच कोपे होता. उत्पन्न त्याहून थोडं जास्त असेल तर ४.९० आणि १२.१५. त्यांना जांभळं पत्र आणि मेडिकेडचा पुरावा पाठवला. असा पुरावा दाखवला की योजनेला तो मानावाच लागतो. कोपे खाली आला.

इन्हेलरचं मात्र परत अडलं, कारण नवी योजना ज्या औषधांचे पैसे देते त्यांच्या यादीत तो नव्हता. नव्या योजनेत गेल्यावर पहिल्या ९० दिवसांत, आधीपासून चालू असलेलं औषध यादीत नसलं तरी महिनाभराचं एकदा द्यावं लागतं. तेवढी मुदत मिळाली. डॉक्टरांनी अपवादासाठी लिहून दिलं. डॉक्टरांचं टिपण पोचल्यापासून योजनेने ७२ तासांत उत्तर द्यायचं असतं, तातडीचं असेल तर २४ तासांत. उत्तर नकारार्थी आलं असतं तर योजना बदलायची माझी तयारी होती, कारण २०२५ पासून दोन्ही विमे असलेल्यांना महिन्यातून एकदा स्वतंत्र औषध-योजना बदलता येते. ती वेळ आली नाही.

सगळंच पार्ट डीत बसत नाही, हे मला उशिरा कळलं. साखर तपासायच्या पट्ट्या पार्ट बीत येतात, म्हणून मेडिकेअरला बिल करणारी फार्मसीच लागते. आईचं मेडिकेड 'क्यूएमबी'सह (मेडिकेअरमधला आपला वाटा राज्य उचलतं ती सोय) आहे, त्यामुळे बिलातले उरलेले वीस टक्के तिच्याकडून कुणी मागू शकत नाही, कायद्यानेच मनाई आहे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि सर्दी-खोकल्याची बरीच औषधं पार्ट डी देत नाही. त्यांतली काही राज्याचं मेडिकेड देऊ शकतं. म्हणून नकार आला की मी आता विचारते, "मेडिकेडवर टाकून पाहिलंत का?"

फोनचंही सांगते. १-८००-मेडिकेअर दिवसरात्र चालू असतं आणि दुभाष्या मिळतो. इंग्रजीच्या धास्तीने आई आधी रिसीव्हर माझ्याकडेच ढकलायची, पण आधी तिलाच नाव आणि जन्मतारीख सांगून "माझ्या मुलीशी बोला" असं म्हणावं लागतं. दर वेळी हे टाळायचं असेल तर लेखी परवानगीचा फॉर्म भरून ठेवता येतो. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्ला देणारी सरकारी सेवाही आहे. तिथल्या स्वयंसेवक बाईंनी योजना विकायचा प्रयत्न न करता आमच्या औषधांची यादी ओळीने तपासून दिली. फोनवर आपणहून येणाऱ्या एजंटांपेक्षा माझा भरवसा त्यांच्यावर आहे.

मेडिकेडचं नूतनीकरण दरवर्षी असतं. त्याचं पाकीट आलं की त्याच दिवशी उघडायचं. मेडिकेड गेलं तरी एक्स्ट्रा हेल्प निदान त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत टिकतं, त्यापुढची खात्री नसते. आईचं यंदाचं पाकीट भरून पाठवलं आहे, आणि त्याची प्रत जांभळ्या पत्राबरोबर ठेवली आहे.