नारिंगी टी-शर्टनं वर्णद्वेष जातो का?

नाशिकला गेले की कोणी ना कोणी विचारतंच. कधी मावशी, कधी शाळेतली मैत्रीण. गेल्या खेपेला तर भाचीच्या साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी जेवता जेवता विचारलं, "तुमच्या मेलबर्नला ते सगळे नारिंगी कपडे घालतात, देशोदेशीचं खातात, फोटो टाकतात. त्यानं वर्णद्वेष कमी होतो का हो खरंच?" पंगतीत अशा प्रश्नाला मी "होतो थोडाफार" म्हणते आणि कोशिंबीर वाढून घेते. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या एका वाचनालयात मी नोकरी करते आणि मार्चमधल्या त्या 'हार्मनी वीक'चे, म्हणजे एकोप्याच्या आठवड्याचे कार्यक्रम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतात. त्यामुळे "थोडाफार" हे उत्तर खोटं नाही, पण त्यानं काही कळतही नाही. म्हणून इथं नीट सांगते.

आधी त्या तारखेविषयी. २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल इथं कृष्णवर्णीयांना कायम ओळखीचा पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या कृष्णवर्णीय लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. पुढं १९६६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ मार्च हा वांशिक भेदभाव निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला. ऑस्ट्रेलियानं १९९९पासून त्याच तारखेला 'हार्मनी डे' सुरू केला. रंग नारिंगी, घोषवाक्य 'एव्हरीवन बिलाँग्ज', म्हणजे इथं कोणी परकं नाही. आता त्याचा आठवडा झालाय. गोळीबाराच्या स्मृतिदिनाला फुगे आणि समोसे कुठून आले, असा सवाल इथले अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी समाजातले कार्यकर्ते करतात, आणि मला तो अगदी रास्त वाटतो. वर्णद्वेषाचं नाव काढलं की लोक अंग चोरतात, एकोपा म्हटलं की हौसेनं ताट घेऊन येतात. सरकारनं सोपी वाट धरली.

तरीही त्या ताटांची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. आमच्या भागातल्या प्राथमिक शाळेत एकदा येऊन बघा. सकाळी हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात आणि प्रत्येक पदार्थापुढं त्यात काय काय आहे याची चिठ्ठी लागते. शेंगदाणा, काजू, बदाम यांना बंदी, कारण कुणा ना कुणा मुलाला त्याची अ‍ॅलर्जी असतेच. म्हणजे आपला निम्मा फराळ तिथंच बाद. दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी नाही, काजूकतली नाही, लाडवावरचा बेदाणा चालतो, बदाम चालत नाही. उरतात चकल्या आणि शंकरपाळे. पलीकडं ब्रह्मदेशातून निर्वासित म्हणून आलेल्या करेन कुटुंबाचा चिकट भात, त्याच्या शेजारी एका ग्रीक आजींची पालक भरलेली पेस्ट्री. एरवी पोळीभाजीचा डबा न उघडताच घरी आणणारा आपला एखादा मुलगा त्या दिवशी टेबलामागं उभा राहून सोऱ्या फिरवून दाखवत असतो. रांगेत सगळ्यांत पुढं कोण, तर त्या डब्याला नाक मुरडणारी त्याच्याच वर्गातली पोरं. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा येतो. काही आठवड्यांनी पुन्हा भरलेला यायला लागतो, हेही सांगायला हवं. पण तेवढ्या दिवसांत त्या मुलाची मान जरा वर झालेली असते आणि मला त्याची किंमत ठाऊक आहे.

आता मोठ्यांचं. मी इथं आले तेव्हा भारतीय विद्यार्थ्यांचे हाल चालले होते. एप्रिल २००८मध्ये एका भारतीय टॅक्सीचालकावर चाकूहल्ला झाला. त्यानंतर टॅक्सीवाल्यांनी फ्लिंडर्स स्ट्रीट आणि स्वॉन्स्टन स्ट्रीटचा चौक अडवला, थंडीत शर्ट काढून रस्त्यावर बसले, रात्रभर हलले नाहीत. ड्रायव्हरच्या भोवती संरक्षक पडदा आणि रात्री भाडं आगाऊ घेण्याची सोय सरकारनं कबूल केली ती त्यानंतर. पुढच्या वर्षी हल्ले वाढले. ३१ मे २००९ला हजारो विद्यार्थी त्याच भागात मोर्चानं आले. त्या दिवसांत पोलिसांकडून आपल्या पोरांना सल्ला काय मिळत होता, तर ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्यानं बोलू नका, लॅपटॉप दिसू देऊ नका. मार खाणाऱ्यालाच शहाणपण! जानेवारी २०१०च्या सुरुवातीला नितीन गर्ग हा २१ वर्षांचा मुलगा कामावर जाताना यॅराव्हिलमधल्या बागेत भोसकला गेला. कुठला हल्ला लुटीचा आणि कुठला वर्णद्वेषाचा, यावर टीव्हीवर चर्चा झडत राहिल्या. शेवटच्या ट्रेननं एकट्यानं घरी येणाऱ्याला त्या चर्चेचा काही उपयोग नव्हता.

अशा वेळी मिया नॉर्थरॉप नावाच्या मेलबर्नच्या बाईंनी एक साधी कल्पना काढली. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सगळ्यांनी आपापल्या जवळच्या भारतीय हॉटेलात जाऊन जेवायचं. नाव दिलं 'विंदालू अगेन्स्ट व्हायोलन्स'. सुमारे १७ हजार लोक त्यात उतरले. हल्ले ज्यांच्यावर होत होते ती पोरं बहुतेक पंजाबी, आंध्रातली, गुजराती. त्यांतल्या कितींनी गोव्याचं विंदालू कधी चाखलं असेल, हा भाग वेगळा. आणि इथल्या हॉटेलांतलं विंदालू एखाद्या गोवेकरानं चाखलं तर तो वेगळाच मोर्चा काढील.

हसू आलं तरी त्या रात्रीचं महत्त्व मी कमी करणार नाही. घाबरलेल्या माणसाला आपल्या बाजूनं किती लोक आहेत ते दिसावं लागतं, आणि त्या रात्री ते दिसलं. पण टॅक्सीतला पडदा जेवणावळीनं आला नाही, तो चौकात बसून आला, हेही विसरून चालणार नाही.

ज्यांना मोहिमांवर फार भरवसा आहे त्यांना मी अ‍ॅडम गुड्सची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला हा मोठा खेळाडू, अ‍ॅबोरिजिनल समाजातला. मानवाधिकार आयोगानं २०१२मध्ये 'रेसिझम. इट स्टॉप्स विथ मी' ही देशभरची मोहीम काढली तेव्हा तिच्या चेहऱ्यांपैकी तो एक. पुढच्याच वर्षी, मूळ रहिवाशांच्या सन्मानासाठी राखलेल्या सामन्यांच्या फेरीत, प्रेक्षकांतल्या एका १३ वर्षांच्या मुलीनं त्याला माकड म्हटलं. त्यानं तिच्याकडं बोट दाखवलं आणि नंतर लोकांना बजावलं की त्या मुलीवर तुटून पडू नका, तिला समजावा, आधार द्या. २०१४मध्ये त्याला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' केलं. आणि २०१५च्या हंगामात मैदानामागून मैदानात, चेंडू हातात आला की हजारो लोक त्याची हुर्यो उडवायचे. मोहिमेची पोस्टर्स तिकडे स्टेडियमच्या भिंतींवर असोत नसोत, आत हे चाललेलं. त्याच वर्षी तो निवृत्त झाला, शेवटची मिरवणूकही न घेता. फुटबॉल संघटनेनं आणि सगळ्या १८ क्लबांनी माफी मागितली ती २०१९मध्ये. चार वर्षांनी!

हुर्यो उडवणारे सगळे काही कट्टर नव्हते असं मला वाटतं. बरेचसे शेजारचा करतो म्हणून करत होते आणि त्यांच्या शेजारचे गप्प बसले होते. म्हणून मला आता एकाच तऱ्हेच्या उपक्रमात रस उरलाय: गप्प बसणाऱ्याला काय करायचं ते शिकवणारा.

आमच्या वाचनालयात असं प्रशिक्षण होतं. खुर्च्या ट्रेनच्या डब्यासारख्या मांडतात. एक जण ओरडणारा होतो, एक जण हिजाब घातलेली बाई, बाकीचे प्रवासी. शिकवणारी बाई पहिलं सांगते ते म्हणजे ओरडणाऱ्याशी वाद घालायला जाऊ नका, त्याला तेच हवं असतं. त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा. तिची वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखं काहीही विचारा: हे स्टेशन कुठलं, पाऊस थांबला का. डब्याचा नंबर लक्षात ठेवा. व्हिडिओ काढलात तर तो तिला विचारल्याशिवाय कुठं टाकू नका. उतरल्यावर तिला एकटीला सोडू नका आणि तक्रार करायची का, हे तिलाच ठरवू द्या. ऐकायला किती सोपं! पण खुर्चीवरून उठून त्या दोन पावलांच्या अंतरावर जायची वेळ आली की लोक जागच्या जागी खिळतात, तालमीतसुद्धा. एक निवृत्त पोस्टमन तीनदा उठले आणि तीनदा बसले. चौथ्यांदा जाऊन बसले तेव्हा त्यांच्या तोंडून "आज कोण जिंकलं?" एवढंच निघालं. शिकवणारी म्हणाली, झालं, एवढंच करायचं असतं.

या प्रशिक्षणाला येतात किती? डझनभर. त्याच आठवड्यातल्या बॉलिवूड नाचाला हॉल पुरत नाही. त्या डझनात आपली माणसं क्वचित दिसतात, आणि ही गोष्ट मला नाशिकच्या पंगतीत बोलता येत नाही म्हणून इथं लिहिते. आपल्याला ही मोहीम आपल्यासाठी आहे असं वाटतं. आपण फक्त सोसणारे. २०१८मध्ये मेलबर्नात 'आफ्रिकन गँग'ची हूल उठली, पुढाऱ्यांनी ती पेटवली. तेव्हा सुदानी पोरांचे फोटो टाकून "यांना परत पाठवा" म्हणणारे मेसेज माझ्या मराठी ग्रुपांवरही फिरत होते. पाठवणारे तेच, २००९च्या हल्ल्यांच्या आठवणी सांगून गहिवरणारे.

३१ ऑगस्ट २०२५ला स्थलांतरितांविरुद्ध शहरोशहरी मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकांत भारतीयांचं नाव घेऊन आकडेमोड होती. आमचे ग्रुप हादरले, मुलांना त्या दिवशी शहरात जाऊ दिलं नाही. त्याच दिवशी मेलबर्नमध्ये नव-नाझींच्या टोळक्यानं मूळ रहिवाशांच्या 'कॅम्प सॉव्हरिन्टी' या आंदोलनाच्या तळावर हल्ला केला आणि तिथल्या लोकांना मारहाण केली. आमच्या ग्रुपवर त्याचा एकही मेसेज नव्हता. मी टाकला. खाली दोन अंगठे आले आणि गणपतीच्या वर्गणीची आठवण आली. दरवर्षी २७ मे ते ३ जून इथं 'रिकन्सिलिएशन वीक' असतो, मूळ रहिवाशांशी समेटाचा. तिथं आपलं ढोलपथक कधी बघितलंय असं मला तरी आठवत नाही.

आणि मग आपल्या घरातली गोष्ट. मानवाधिकार आयोगानं नोव्हेंबर २०२४मध्ये देशासाठी वर्णद्वेषविरोधी आराखडा काढला. त्यात जातीवरून होणाऱ्या भेदभावाचाही उल्लेख आहे. इथं ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्याला "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले, आडनाव काय म्हणालात?" हा प्रश्न कशासाठी येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या मंडळाचा हार्मनी वीकमध्ये दरवर्षी स्टॉल असतो. मी कार्यकारिणीला सुचवलं की यंदा स्टॉलच्या जोडीला तासाभराचं एक बोलणं ठेवू: जात इथपर्यंत कशी येते, कामाच्या ठिकाणी, भाड्याच्या घरात, लग्नाच्या ग्रुपांवर कशी दिसते. अध्यक्ष म्हणाले, "ताई, विषय चांगला आहे, पण त्या दिवशी सगळे मजा करायला येतात." खजिनदारांना वाटलं, बाहेरच्यांसमोर आपली लक्तरं कशाला. एका तरुण मुलीनं मात्र विचारलं की मग गोऱ्यांनी त्यांची लक्तरं आपल्यासमोर धुवावीत अशी आपली अपेक्षा का असते? त्यावर चहा आला.

विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात गेला आणि वेळ संपली. पुढच्या बैठकीसाठी मी तो लेखी पाठवलाय. खाली त्या मुलीची आणि आणखी तिघांची सही आहे.