पन्हळीजवळची सर्व्हिस वायर

ठाणे पूर्वेला कोपरीत आमचे जुने बैठे घर आहे आणि पावसाळ्यापूर्वी त्याची कौले परतून घेणे हा आमचा नेहमीचा नेम आहे. या मे महिन्यात शिडी लावता लावता कौले परतणारे मामा थांबले. खांबावरून मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर पन्हळीपासून जेमतेम हातभर अंतरावर होती आणि उन्हाने तिचे आवरण तडकून एके ठिकाणी आतील अॅल्युमिनियम चकाकत होते.

मी तत्परतेने मेन स्विच बंद केला आणि "आता करा काम" असे सांगितले. "मेन बंद केला म्हणजे खांबावरचं बंद झालं का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी वरमलो. मेन स्विच मीटरनंतर असतो, त्यामुळे तो बंद केल्यावर घरातील दिवे जातात. खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरमध्ये मात्र 230 व्होल्ट तसेच राहतात. मोठ्या कौतुकाने बसवून घेतलेला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा स्विच) मीटरनंतरच असल्याने या वायरपाशी त्याचा काही उपयोग नव्हता. खांबावरचा फ्यूज तर कित्येक अँपिअरच्या भाराचा असतो. माणसाचा जीव घेण्याइतका प्रवाह वाहिला तरी तो वितळत नाही.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने टेप गुंडाळून देण्याची तयारी दाखवली. चालू वायरला, तेही अॅल्युमिनियमच्या शिडीवर उभे राहून! मी नकार दिला आणि वीज कंपनीच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवली.

दोन दिवस कोणी आले नाही, म्हणून छायाचित्रे घेऊन मी कार्यालयात गेलो. "वायर आवरणाचीच आहे, जवळ असली तरी चालते," असे उत्तर मिळाले. नियमाचा अर्धा भाग तसाच आहे: इमारतीच्या बाजूने जाणारी लघुदाबाची, म्हणजे घरगुती पुरवठ्याची तार 1.2 मीटरपेक्षा जवळ असेल, तर तिला पुरेसे आवरण हवे आणि ती अर्थिंग केलेल्या आधारतारेला क्लिपांनी बांधलेली हवी. आमच्या वायरचे आवरण फुटले होते आणि निम्म्या क्लिपा गळून पडल्या होत्या, हे छायाचित्रांवर बोट ठेवून दाखवल्यावर दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

वायरमनने खांबावरचा फ्यूज काढला, तरीही लगेच हात लावला नाही. त्याने टेस्ट लॅम्प आधी शेजारच्या चालू जोडणीवर पेटवून पाहिला, मग आमच्या वायरवर धरला आणि तो पेटला नाही तेव्हाच तो कामाला लागला. दिवाच गेलेला असेल तर बंद आणि चालू वायर सारखीच दिसते, असे तो म्हणाला.

नवी वायर त्याने भिंतीवर उंच ब्रॅकेट बसवून पन्हळीपासून दूर घेतली आणि मीटरच्या पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी वायरवरून ओघळत पेटीत न जाता झोळावरून खाली ठिबकेल. मामांनी तिसऱ्या दिवशी कौलांना हात घातला. शिडी मात्र त्यांनी घराच्या दुसऱ्या बाजूने लावली.