चौदा रात्रींसाठी इंजिन

पहाटेचे पावणेतीन वाजले होते. चार्जिंगच्या जागेवर पांढरा झगझगीत दिवा, त्याखाली दोन दिवसांसाठी मागून आणलेला इलेक्ट्रिक ट्रक आणि मागे ट्रेलरवर चोवीस मधपेट्या. बावीस पेट्यांत वाळूची पोती भरली होती, प्रत्येकी पस्तीस किलो. दोन पेट्या मात्र खऱ्या होत्या, मधमाशांनी भरलेल्या. वाळू किती ओढता येते एवढंच बघायचं असतं तर त्या दोन नेल्या नसत्या. मला थांबल्यावर काय होतं ते बघायचं होतं.

ट्रेलरसकट गाडी चार्जरपाशी लावली की मागच्या दोन जागा अडायच्या आणि वायरही पोचायची नाही. म्हणून आधी ट्रेलर सोडवला, बाजूला लावला, चाकांना दगड लावले, मग वायर जोडली. एवढ्यातच नऊ मिनिटं गेली. परत ट्रेलरपाशी येऊन पेटीच्या जाळीवर तळहात ठेवला तर आतून दमट, गरम वाफ येत होती, तापलेल्या माणसाच्या श्वासासारखी. चालत्या गाडीत माशांचा आवाज खालच्या पट्टीतला, एकसारखा असतो. आता तो चढला होता, मध्येच तुटत होता. जाळीच्या कोपऱ्यातून दोन-तीन माशा बाहेर आल्या आणि दिव्याकडे निघाल्या. एक चार्जिंगच्या वायरच्या मुठीवर येऊन बसली. थोड्या वेळाने तीच मूठ मला उघड्या हाताने काढायची होती.

गेले सहा महिने मी ज्या प्रश्नात अडकले होते, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

प्रश्न साधा वाटतो. माझा अकरा वर्षांचा डिझेल पिकअप आता थकलाय. नवा घ्यायचा तर बॅटरीवर चालणाराच, हे ठरलेलं आहे. पण एकाच गाडीच्या दोन आवृत्त्या समोर आहेत. एक पूर्ण इलेक्ट्रिक, मोठ्या बॅटरीची. दुसरी रेंज एक्स्टेंडरवाली, म्हणजे बॅटरी साधारण निम्मी आणि सोबत एक पेट्रोल इंजिन. ते इंजिन चाकांना जोडलेलं नसतं. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज बनवतो आणि चाकं मोटरच फिरवते. रेल्वेचं डिझेल इंजिन असंच चालतं. कल्पनाही नवी नाही. फर्डिनांड पोर्शने १९०० सालीच पेट्रोल इंजिनाने वीज बनवून मोटरवर पळणारी गाडी उभी केली होती.

नवं आहे ते मोठ्या कंपन्यांचं वळण. राम या अमेरिकी ट्रक कंपनीने पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप रद्द केला आणि ९२ युनिटांची बॅटरी, ३.६ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आणि १३० किलोवॉटचा जनरेटर असलेली आवृत्ती पुढे आणली. स्काउट कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये टेरा नावाचा पिकअप दाखवला तेव्हा पूर्ण इलेक्ट्रिकला ३५० मैल आणि एक्स्टेंडरवाल्याला ५०० मैल असा अंदाज दिला. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने सांगितलं की पुढचा एफ-१५० लाइटनिंग रेंज एक्स्टेंडरवाला असेल आणि तो ७०० मैलांहून जास्त जाईल.

हे आकडे मी आधी हपापल्यासारखे वाचत होते. आता त्यांच्याकडे फारसं बघत नाही, कारण ते रिकाम्या गाडीचे आहेत. मागून आणलेल्या ट्रकने मला रिकामा असताना किलोमीटरला ०.३ युनिट खाऊन दाखवलं. मागे ट्रेलर लावून ऐंशीच्या वेगाने नेला तर ०.५२. त्याच्या बॅटरीत वापरण्याजोगे सुमारे १२० युनिट होते. म्हणजे रिकामा चारशे किलोमीटर जाणारा ट्रक ओझं लावल्यावर दोनशे तीसवर आला. ट्रेलर ओढायला निम्मी वीज जाते हे ऐकून होते, पण काटा डोळ्यांदेखत उतरताना बघणं वेगळं.

फुलोऱ्यामागे पेट्या नेण्याचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास २९० किलोमीटरचा आहे. वाटेत ९०० मीटरची चढण. म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिक ट्रकला वाटेत एकदा थांबावंच लागेल. अर्धा-पाऊण तास, ट्रेलर सोडवणं-जोडणं धरून.

लाकडं, विटा, फर्निचर वाहणाऱ्याला हा अर्धा तास म्हणजे पाय मोकळे करायला मिळालेली सवड. माशांचं तसं नाही. पेट्या आम्ही रात्री हलवतो, कारण दिवसभर बाहेर असलेल्या माशा तेव्हा घरी असतात आणि हवा गार असते. गाडी चालू असते तोवर जाळीतून वारा खेळतो. थांबली की वारा थांबतो. पिलं असतात तो भाग माशा ३४-३५ अंशांवर राखतात; कोंडल्या, बिथरल्या की हालचाल वाढते, त्या हालचालीने उष्णता वाढते आणि उष्णतेने त्या आणखी बिथरतात. मेण वितळतं ६२ ते ६४ अंशांना, पण मधाने जड झालेलं नवं पोळं त्याच्या किती तरी आधी मऊ पडून खचतं. सात वर्षांपूर्वी टायर फुटून मी उजाडताना पन्नास मिनिटं रस्त्याच्या कडेला अडकले होते. मधल्या रांगेतल्या दोन पेट्या उघडल्या तेव्हा पोळी तळाशी कोसळलेली होती आणि माशा त्यांच्याच मधात भिजून काळ्या पडल्या होत्या. त्या दोन वसाहती मी दोन वर्षं जोपासल्या होत्या. तो वास मी विसरलेले नाही.

भाचा पूर्ण इलेक्ट्रिकच्या बाजूचा आहे आणि त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. ट्रकच्या नोंदवहीतून त्याने वर्षभराचे दिवस मोजले. रोजची फेरी साठ-सत्तर किलोमीटर, रिकामी किंवा हलक्या ओझ्याची. ट्रेलरवर पेट्या नेलेल्या रात्री चौदा. "आत्या," तो म्हणाला, "चौदा रात्रींसाठी तू वर्षभर इंजिन उरावर घेऊन फिरणार? त्याचं ऑइल, फिल्टर, सायलेन्सर, सगळं सांभाळणार?"

पुढे त्याने आणखी एक गोष्ट काढली. प्लगवाल्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांचं प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाल्याचं युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये दाखवलं होतं. कारण लोक गाडी रोज चार्ज करत नाहीत, पेट्रोलवरच पळवतात. "टाकी असली की हात टाकीकडेच जातो," हे त्याचं वाक्य. ते मला लागलं, कारण खरं आहे. आपलं पोट फुलांवर चालतं, तर धुराची फिकीर आपण नाही करायची तर कोणी करायची?

त्या चौदा रात्री भाड्याचा ट्रक घे, असंही तो म्हणाला. तो प्रयत्न मी केलेला आहे. फुलोरा तारीख देत नाही. पाऊस लांबला की आठवडाभर सरकतो, ऊन चढलं की दोन दिवसांत उरकतो. ऐनवेळी ट्रक मिळाला तरी पेट्या बघून मालक नको म्हणतो. एकाने तर अर्ध्या पेट्या चढवून झाल्यावर उतरवायला लावल्या होत्या.

तरी भाच्यामुळे माझं एक चुकीचं गृहीतक सुटलं. रेंज एक्स्टेंडर म्हणजे मोठी टाकी, मोठी टाकी म्हणजे चिंता मिटली, असं मी धरून चालले होते. त्याने विचारलं, "जनरेटर किती किलोवॉटचा?" बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री गाडीचं उदाहरण त्याने दिलं. तिला २०१३ पासून ६४७ सीसीचं छोटं इंजिन जोडून मिळायचं, मुळात स्कूटरचं. सपाटीला ते पुरायचं. पण अमेरिकेतल्या गाडीत बॅटरी अगदी तळाला गेल्याशिवाय ते सुरूच व्हायचं नाही. मग लांब चढणीला गाडी मागेल तेवढी वीज ते देऊ शकायचं नाही आणि वेग पडायचा. टाकीत पेट्रोल असूनही.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. ट्रक, ट्रेलर आणि पेट्या मिळून साडेचार टन. ९०० मीटर वर न्यायचं तर नुसत्या उंचीलाच अकरा युनिट. माझी चढण अर्ध्या तासाची, म्हणजे फक्त उंचीपोटी बावीस किलोवॉट, आणि रस्त्याचं, हवेचं घर्षण धरून चाळीस-पंचेचाळीस. जनरेटर सतत एवढं देत असेल तर प्रश्न नाही. कमी देत असेल तर फरक बॅटरीतून भरून यायला हवा, आणि त्यासाठी बॅटरीत तेव्हा काही शिल्लक हवं. सगळी मेख इथे आहे. बॅटरी संपल्यावर इंजिन सुरू करणं म्हणजे घाट अर्धा चढून झाल्यावर पाण्याची बाटली शोधणं. इंजिन घाटाच्या कितीतरी आधी, सपाटीला, बॅटरी सत्तर टक्के असतानाच सुरू करता आलं पाहिजे, माझ्या हाताने, बटण दाबून.

पेट्रोलही मोजलं. एका लिटरमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते, जनरेटरमधून हाती येते तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. लांबच्या एका रात्रीला तीस-पस्तीस लिटर जातील. डिझेल पिकअपला मी याहून फार जास्त घालत नव्हते, तेव्हा त्या रात्रींपुरती मी काही मोठी बचत करत नाहीये, हे कबूल. बचत आहे ती उरलेल्या साडेतीनशे दिवसांत. रोजच्या फेरीला वीस युनिट पुरतात, निम्मी बॅटरीही त्याला भरपूर आहे. अट एकच, रोज रात्री प्लग लावायचा. ती जबाबदारी भाच्याने स्वतःकडे घेतलीय. दर महिन्याला तो टाकीचा काटा बघणार आहे.

पेट्रोल पडून शिळं होतं, हा त्याचा शेवटचा मुद्दा. तो बरोबर आहे. शेवरोले व्होल्ट २०१० मध्ये आली तेव्हापासून तिच्यात याची सोय होती. टाकीतलं पेट्रोल साधारण वर्षभर जुनं झालं की गाडी इंजिन स्वतःहून चालवून ते संपवायची. मी टाकी भरून ठेवणारच नाही. फुलोऱ्याच्या आठवड्यात भरेन, नंतर तळाशी थोडंसं.

तर मी रेंज एक्स्टेंडरवाला घेतेय. माझ्या ओळखीच्या एका सुताराला मात्र मी उलट सल्ला दिला: तू पूर्ण इलेक्ट्रिकच घे, तुझी लाकडं अर्धा तास उन्हात थांबली तर काही मरत नाहीत. आणि दोन्ही आवृत्त्या सारखंच ओझं ओढतील असं धरून चालू नकोस, हेही सांगितलं. इंजिन, टाकी, जनरेटर यांचं वजन कुठून तरी वजा होतंच.

मला खंत एकाच गोष्टीची आहे. मागून आणलेला तो ट्रक पहाटे पेट्यांपाशी नेला तेव्हा एकही माशी दारावर आली नाही. डिझेलची थरथर जमिनीतून पेटीच्या पायांत चढते आणि राखणदार माशा बाहेर येतात, हे मी अकरा वर्षं रोज बघत आलेय. त्या दिवशी मी गाडी चार हातांवर उभी केली तरी आतला आवाज बदलला नाही. हे सुख मला रोज मिळणार आहे. पण त्या चौदा रात्री त्यांना इंजिन पुन्हा सोसावं लागेल.

पुढच्या आठवड्यात गाडी चालवून बघायला जायचंय. दोन प्रश्न कागदावर लिहिलेत: जनरेटर सतत किती किलोवॉट देतो, आणि इंजिन मला हवं तेव्हा सुरू करता येतं का. तिसरा काल रात्री झोपताना सुचला. या गाड्यांत इंजिन मागे, आसाच्या पलीकडेही बसवतात. मग धुराचं तोंड कुठे येतं? ट्रेलरच्या पहिल्या रांगेतल्या पेट्यांची जाळी बरोबर त्याच्यासमोर असते, आणि चालत्या गाडीत वारा तिथूनच आत शिरतो. जुन्या पिकअपचा सायलेन्सर मी मेकॅनिककडून बाजूला वळवून घेतला होता. भाच्याला सांगितलंय, येताना मोजपट्टी आण आणि ट्रेलर जोडूनच जाऊ.