तुम्ही विचारलंत म्हणून: कुंपणाला शेर कशाला?

"घरात लहान मूल, आणि कुंपणाला शेर?" आमच्या फोंड्याच्या घरी येणारा प्रत्येक जण चहा संपायच्या आत हे विचारतो. शेराच्या झुडपाचा चीक विषारी, हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे.

आमची जागा उतारावर. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण जानेवारीनंतर जांभा तापला की घातलेलं पाणी कुठे जातं कळत नाही. क्रोटननी एप्रिलात माना टाकल्या, जास्वंद मोकाट गुरांनी फस्त केली. शेराला गुरं तोंड लावत नाहीत. पानं नावापुरती, ती गळली तरी हिरव्या कांड्याच पानांचं काम करतात, म्हणून मे महिन्यातही कुंपण हिरवं. तोडलेली कांडी चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवायची नि खोचायची. पाणी तेवढं साचता कामा नये.

आता तो प्रसंग, तुम्हाला खरं तोच ऐकायचा असतो. पावसाआधीची छाटणी. ह्यांनी हातमोजे घातले होते, चष्माही. घामाने चष्मा घसरला, तो सावरताना मोज्याचा हात पापणीला लागला. बराच वेळ नळाखाली डोळा धरला, "आता बरं वाटतंय" म्हणाले, जेवलेसुद्धा. रात्री मात्र दिवा सहन होईना. पापणी कशीबशी उघडली तर म्हणतात, "तुझा चेहरा धुरात दिसतोय." मी त्यांच्यावरच खेकसले, का, ते अजून सांगता येत नाही. डॉक्टरांनी पुन्हा डोळा धुतला, रंगाचा थेंब टाकून पाहिलं. बुबुळाचा वरचा थर सोलवटला होता. नजर पूर्ववत व्हायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी कोयता घेऊन कुंपणापाशी गेले, आणि तिथे सुचलं, शेर तोडायचा म्हणजे सगळ्या कुंपणाचा चीक एकदम सांडायचा.

पूर्वी मी ऐटीत सांगायचे, नाताळची लाल पॉइन्सेटियाही शेरासारखी युफोर्बिया वंशातलीच. १९६१चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन याच शेराच्या चिकापासून इंधन काढू पाहत होते. आता ते तोकडं वाटतं. पॉइन्सेटियाचा चीक इतका जहाल नसतो, आणि इंधन तरी कुठे डोळ्यात घालायचं असतं?

"चिऱ्यांचा गडगा बांधा" म्हणता. पैसे तुम्ही देणार? नात चालायला लागल्यावर आतून जाळी मारली आहे. ती आता जाळीवर चढते. छाटणी परत जवळ आलीय, बाजूनेही बंद असलेला गॉगल आणून ठेवलाय. हे तो घालतील का, हे मात्र त्यांनाच विचारा.